ताईंच्या शेजारची खुर्ची

आठवीत शाळा सुटली आणि मालवणाकडून मी कांदिवलीला मावशीकडे आले. दिवसभर एका दवाखान्यात फोन घेते. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, असं ताईंनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं, माका काय जमता? ताई निवृत्त शिक्षिका. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नव्या लोकांना लिहायला शिकवतात. माझ्या गावावरचा लेख त्यांनी मला शेजारी बसवून, एकदाही आवाज न चढवता, पुरा करून घेतला. ते उपकार फिटायचे नाहीत. तेव्हापासून त्यांच्या शेजारची खुर्ची माझी.

मग मनोरीची ती आली. कोळ्यांची, माझ्याच वयाची, पण बीए झालेली. तिने बोंबील सुकवण्यावर लिहिलं. ताईंनी त्यातलं अर्धं उडवलं.

"छापील संदर्भ कुठाय?"

"माझी आई रोज वाळत घालते. ती चालत नाही का तुम्हाला?"

ताई खळखळून हसल्या. माझा मजकूर उडवला होता तेव्हा मी 'सॉरी ताई' म्हणून घरी जाऊन रडले होते. भांडलं की ताई हसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

"हिला जरा समजाव गं," ताई मला म्हणाल्या.

समजावलं. लिहिलेल्याला पुस्तकाचा आधार लागतो, पण फोटो आपण स्वतः काढलेला चालतो. पुढच्या रविवारी तिने आईचा फोटो आणला, मागे बांबूंवर टांगलेले बोंबील.

"झकास. काय डोकं चालतं हिचं."

मी मोबाइलमध्ये बघत राहिले.

"माझं कसलं, हिनेच सांगितलं ना," ती लगेच म्हणाली. गप्प बसली असती तर मला निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

"हो का?" ताई माझ्याकडे वळल्या. "मग आजपासून नव्यांना तूच घे. त्या खिडकीपाशी बस."

मान मोठा होता. थँक्यू म्हटलं, तेही मनापासून. मी उठले तशी तिने माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

"जागा धरते तुझी. जा बिनधास्त."

खिडकीपाशी एक आजोबा बसले होते. "चुकलं तर कुणी ओरडेल का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. इथे कुणी ओरडत नाही," मी म्हटलं.

तिकडे ताई पुन्हा हसल्या. कशावर, ते मला ऐकू आलं नाही.