कड्याखालची बाई आणि फोसिकोदादा

आमच्या फोसिकोदादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, अख्खं गाव काफुला म्हणायचं. काफुला म्हणजे आमच्याआधी या डोंगरांत राहणारी बुटकी माणसं. भारी तापट होती म्हणे. वाटेत कोणी भेटलं की विचारायची, "मला कुठून पाहिलंस?" लांबून पाहिलं म्हणालात तर वाचलात. आत्ताच दिसलात म्हणालात, म्हणजे बुटकं म्हणालात, की बाण. आम्हा चेवा जमातीच्या घरात ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही.

आता दादा माझ्या खांद्याला लागतो, आणि मी तरी कुठली उंच! तो बाजारात दिसला रे दिसला की मासळीवाला बिझिवेक ओरडायचा, "दादा, तुम्हाला पार टेकडीपलीकडून पाहिलं हं! बाण मारू नका!" की सगळे खो खो हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसलेय. पण या नावापायी त्याची दोन लग्नं मोडली. दुसऱ्या मुलीच्या मामाने तर तोंडावर सांगितलं, "काफुल्याची पोरं नकोत आमच्यात." मेल्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं होतं मला. तेव्हापासून दादा एकटाच राहतो.

कामाला मात्र वाघ. गावातल्या कबरी खणणाऱ्यांचा तो म्होरक्या. म्हणून कड्याखाली उत्खनन सुरू झालं तेव्हा ते चालवणाऱ्या टियामिके मॅडमनी आधी त्यालाच कामावर घेतलं. मी तिथे मजुरांसाठी मक्याच्या पिठाची न्सिमा रांधायला होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात दादा एकदम हात वर करून थांबला.

"मॅडम, इथली माती पूर्वी कुणीतरी उकरलीय."

"कशावरून?"

"तीस वर्षं हेच करतोय. एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही."

आणि खरंच की! बारा दिवस ब्रशने माती झाडली तेव्हा कुशीवर निजलेली एक बाई निघाली. बाजूच्या कोळशावरून मॅडमनी हिशेब काढला, आठ हजार वर्षांपूर्वीची. उंचीने दादापेक्षाही वीतभर कमी. झालं! बिझिवेकला आयतंच मिळालं. "काय दादा, आत्याबाई सापडल्या म्हणे?"

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. तडक मॅडमकडे गेला. "ही माझी कुणी लागते का, हे कळेल का हो?"

"कळेल," मॅडम म्हणाल्या. "कानामागचं हाड फार टणक असतं. त्यातून चिमूटभर भुकटी काढायची. तिचा डीएनए टिकला असेल तर तो तुमच्या थुंकीतल्या डीएनएशी ताडून बघता येईल."

"मग घ्या माझी थुंकी. गावाचीही घ्या. आणि निघेल ते चारचौघांत सांगा. एकदाचं हे नाव पुसलं जाऊ दे."

गावप्रमुख चिसेका यांनी परवानगी दिली, पण अट घातली. काम झालं की बाई परत इथेच आणून पुरायची. आम्ही चाळीस जणांनी नळ्यांत थुंकून दिलं. पुढचे आठ महिने दादाचा जीव टांगणीला. जेवायला बसला तरी विचारायचा, "मलिता, आणि निघालंच तर गं?"

शेवटी मॅडम बाईच्या हाडांची पेटी घेऊन आल्या. प्रमुखांच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिची माणसं या डोंगरांत हजारो वर्षं राहिली. नंतर तुमचे पूर्वज बी-बियाणं घेऊन इथे आले. आम्ही तपासलेल्या चाळीस जणांपैकी कुणातही हिच्या लोकांचा अंश सापडला नाही. बिझिवेक जितका काफुला, तितकाच फोसिको. म्हणजे मुळीच नाही."

टाळ्याच टाळ्या! बिझिवेकचं तोंड बघण्यासारखं झालं. मी दादाकडे पाहिलं, तर हा पेटीकडेच बघत उभा.

"मग हिचं कुणीच उरलं नाही?" त्याने विचारलं.

"सापडलं तरी नाही," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुरायला जमलो. दादा कुदळ घेऊन तयार. प्रमुखांनी दर मयताला विचारतात तसं विचारलं, "मामा कोण?" आमच्यात मामाशिवाय माती होत नाही. तो उभा राहून मयत कोण होतं ते सांगतो, मगच बायका रडतात. आणि रक्ताचं माणूस कबर खणत नाही, ते काम परक्यांचं. प्रमुख म्हणाले, "कुणी नसेल तर वाटसरूसारखी मुकाट्याने पुरू."

दादाने कुदळ खाली ठेवली. "मी आहे मामा."

"दादा, वेड लागलंय का?" मी ओरडलेच. "कालच सुटलास ना त्या नावातून! तुझं-तिचं काही नातं नाही, मॅडमनी सांगितलं ना?"

"ठाऊक आहे गं. कुणाचंच नाही. म्हणूनच."

"नीट विचार कर," प्रमुख म्हणाले. "हे शब्द मागे घेता येत नाहीत. काफुल्यांचा मामा म्हणूनच मरशील."

"मरेन."

कुणी हसलं नाही. बिझिवेक पुढे झाला, कुदळ उचलली आणि खणू लागला. त्याचं खणणं बघून दादाचे हात शिवशिवत होते, पण खणणं चालू असताना मामाने बोलायचंसुद्धा नसतं. खड्डा झाला, पेटी उतरली, तेव्हा तो पुढे आला.

"हिचं नाव मला माहीत नाही. डाव्या बाजूचे दात झिजलेले होते, काहीतरी सारखं चावत असणार. गुडघे दुखत असतील. गळ्यात तेरा मणी होते. हिच्या माणसांनी हिचा हात गालाखाली ठेवून हिला नीट निजवलं होतं. उकरलं ते मी..." एवढंच बोलून तो मागे सरकला.

बायका एकमेकींची तोंडं बघत उभ्या. अनोळखी बाईसाठी आधी रडायचं कुणी? शेवटी मीच मटकन खाली बसले आणि हंबरडा फोडला. "भाचीबाई गं!" सुरुवातीला दादाची लाज राखायला म्हणून, आणि मग मला ते थांबवताच येईना.