खाऱ्या पाण्यातली पिकअप

आमच्या पिकअपला वास आहे. जुन्या डिझेल गाड्यांना तो असतोच म्हणा, पण हा अंगाला चिकटून घरात येतो. डिझेल, भिजून कुजलेला सीटचा फोम, नारळाच्या सोडणांचा आंबूस दर्प आणि त्यावर बाबांनी सकाळी ओवाळलेली उदबत्ती. मी नोकरीसाठी नवी मुंबईत राहते. गणपतीला आले की बाबा बोर्लीच्या स्टँडवर गाडी घेऊन उभे असतात, आणि आत बसण्याआधी मी ओढणी नाकाला लावते. ते बघतात.

नारळ-सुपारी बाजारात न्यायला त्यांनी ती पालीकडच्या एका वीटभट्टीवाल्याकडून घेतली, तेव्हाच ती जुनी होती. आता पायाखालच्या पत्र्याला भोक आहे. त्यातून पळता रस्ता दिसतो आणि शेणावरून गेलो की शिंतोडे सलवारीवर येतात. सेल्फ मारला तर नुसतं टकटक वाजतं, म्हणून ती कायम उतारावर लावायची. कुणाकडे जेवायला गेलो तरी आम्ही आधी उतार शोधतो. निघताना त्या घरची माणसं दारात येऊन गाडी सुरू होते का ते बघत राहतात. मी काचेतून समोर बघत बसते.

"समुद्राकाठी लोखंड टिकत नाही," असं बाबा म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दर वर्षी विसर्जनाला आमच्या आळीतले गणपती या गाडीत ठेवतात, मागे हौद्यात मुलं बसतात, आणि बाबा गाडी थेट ओल्या वाळूत नेतात, लाटा चाकांना लागेपर्यंत. आळीत तिला बाप्पाची गाडी म्हणतात. त्या दिवशीचं पाणी धुवायचं नाही, असा बाबांचा नियम. रात्रभर ते तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना सोडायचं असतं, मग पाऊस पडतो, आणि पावसाने धुतलीच की, असं होऊन जातं. मी एकदा वाकून खालचा पत्रा बोटाने खरवडला. ओली, तपकिरी खपली हातात आली. जखमेवरची असते तशी.

या वर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी मागच्या चाकाच्या आतून काहीतरी बुळबुळीत गळायला लागलं. गॅरेजवाला घरी आला. गाडीखाली पोतं टाकून आडवा झाला. चहा द्यायला मला पाठवलं.

"पाइप सडलाय," तो खालून म्हणाला. "मागच्या ब्रेकचा. नवा माणगावसून आणाया लागंल."

"आणू रे. गणपती होऊ देत," बाबा म्हणाले.

त्याने पक्कड मागून घेतली आणि तो पाइप दुमडून चेपून टाकला. बाहेर येऊन डिझेलने हात चोळले आणि त्याच हाताने कप धरला. अंगठा चहात बुडला होता. "आता थेंब न्हाय गळणार," म्हणाला आणि जास्वंदीच्या बुडाशी पचकन थुंकला.

"मग मागचे ब्रेक?" मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून हसला. "ताई इंग्लिशमध्ये शिकल्यात ना, सगळा विचारतात. पुढचे हायेत की, ताई."

"गाडी काय दिल्लीला न्यायची आहे?" बाबाही हसले. "समुद्रापर्यंत तर जायचंय."

समुद्रापर्यंतचा रस्ता हा एक सरळ उतार आहे. खाली वळण, वळणावर कुंपणाचा दगडी गडगा. मी आईला सांगितलं. आई मोदकांच्या उकडीत हात घालून म्हणाली, "बाबांशी बोल." बाबांशी बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घातली. गंजाचा चट्टा माळेने झाकला. पूजा करून, कुंकू लावून सगळं चालवून घ्यायची ही आमची रीत. मूर्ती ठेवल्या. मुलं हौद्यात चढायला लागली. काकूची धाकटी हौद्याच्या मागच्या फाळक्यावर पाय ठेवून माझ्याकडे हात करत होती. मी तिला वर घ्यायचं, असंच दर वर्षी ठरलेलं.

मी तिला वर घेतलं नाही. आधी चढलेल्यांना म्हटलं, "खाली उतरा." झांजा वाजत होत्या, कुणाला ऐकू गेलं नाही. मग मीच वर चढले आणि एकेकाला दंडाला धरून खाली द्यायला लागले. एक रडायला लागला.

"काय गं?" बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, ओरडला. "तुझ्या कंपनीची परवानगी काढायची राहिली का?"

लोक हसले. माझा चेहरा तापला. "मागचे ब्रेक बंद आहेत," मी म्हटलं. आवाज फाटला होता, पण या वेळी झांजा थांबल्या होत्या. "पाइप चेपून ठेवलाय. काल. माझ्यासमोर."

"खरं का रे, दादा?" काकाने विचारलं.

बाबांनी माळ नीट केली. "पुढचे लागतात," ते म्हणाले.

सर्वांत आधी काकूने मुलीला कडेवर घेतलं. मग बाकीच्या बायका पुढे आल्या. काकाने आपली मूर्ती उचलली आणि डोक्यावर घेतली. त्याच्यामागे बाकीच्यांनीही उचलल्या. सगळे चालत निघाले.

बाबांनी गाडी तरीही आणली. रिकामी, पहिल्या गिअरवर, आमच्या मागून. काकाने वळून हात केला आणि त्यांना थांबवलं. सगळे वळण उतरून वाळूत पोहोचेपर्यंत ते इंजिन चालू ठेवून वरच थांबले. मग खाली आले. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. आरती चालू असताना त्यांनी गाडी नेहमीसारखी पाण्यात नेली. चाकांभोवती फेस, निर्माल्य, कुणाच्या तरी प्रसादाचा द्रोण. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. कुणीतरी जाऊन म्हणेल, बघा, काही झालं नाही, अशी वाट बघत असावेत. कुणी गेलं नाही.

परतताना त्यांनी मुलांजवळ गाडी थांबवली. "चला, आता तर चढच आहे. बसा."

मुलं काकूकडे बघायला लागली.

"चालत येतील ती, भाऊजी," काकू म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाळूने भरलेल्या चपला झटकत होते, झटकत राहिले. त्यांनी गिअर टाकला आणि काळा धूर सोडत गाडी आमच्या पुढून वर गेली. धुरात मुलांनी नाकं धरली. मीही धरलं.