तुमचं मत झालंय

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती. वय एकोणीस, काम दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्याचं. मतदानाच्या दिवशी तिने तिसरी चादर करपवली, तेव्हा मुकादमबाई म्हणाल्या, "जा गं बाई, दे एकदाचं ते मत. नाहीतर पेशंटला उघड्या गादीवर झोपवावं लागेल."

आठवडाभर हेच चाललं होतं. दोन्ही उमेदवारांची पत्रकं वाचून वाचून तिने त्यांचा चोळामोळा केला होता. सकाळी एकाचं ठरवायची, संध्याकाळी मोडायची. बाप म्हणाला, "एवढा कीस कशाला पाडतेस? तुझ्या एका मताने काय आभाळ कोसळणार आहे?" त्यावर तर ती दोन दिवस धुमसत होती.

शाळेतल्या केंद्रावर पाऊण तास रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला आणि यादीवरून फिरणारं कारकुनाचं बोट थांबलं.

"तुमचं मत झालंय."

"झालंय कसं? मी आत्ता येतेय!"

"ही काय सही."

सही तिने लगेच ओळखली. लहानपणी तिच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही असायची. आत्याची. वरच्या ओळीत आत्याच्या नावापुढची जागा कोरी होती. दोघींचं आडनाव एकच, नावात फरक एका मात्रेचा. भावाबहिणीत सख्य होतं तेव्हा बापाने हौसेने तसं ठेवलेलं. पुढे आजोबांच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून बिनसलं, आणि सहा वर्षं जाणंयेणं बंद.

ही आत्याची सही आहे, असं तिने सांगितलं. "त्यांना घेऊन या," केंद्राचे मुख्य अधिकारी म्हणाले. "पण पाचला दार बंद होईल."

साडेचार वाजले होते. ती धावत सुटली.

आत्या मागच्याच गल्लीत राहायची, घरी पुस्तकबांधणी करायची. दार उघडलं तेव्हा हात खळीने माखलेले. पुतणीला बघून तिचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही गं! तू माझ्या नावापुढे सही करून आलीस."

"मी? कारकुनाने बोट ठेवलं तिथे केली. चष्मा इथेच राहिला होता माझा."

"मग चल ना! पाचला बंद होतंय."

आत्या तशीच निघाली, एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. केंद्रावर पोहोचताच तिने कारकुनाला झापलं, "माझा चष्मा घरी होता, तुमचा तर नाकावर होता ना?" रांगेत हशा पिकला. अधिकाऱ्यांनी आत्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, नोंद दुरुस्त केली आणि भिंगरीच्या हातात मतपत्रिका दिली.

आडोशाला गेल्यावर मात्र तिने दोन्ही नावं पुन्हा एकदा वाचली. तिने श्वास रोखला आणि शिक्का मारला. बाहेर येईपर्यंत वाटत राहिलं, चुकलं तर नाही? घडीत शाई पुसली तर नाही?

कुणाला दिलंस, हे आत्याने विचारलं नाही. थोडं चालल्यावर म्हणाली, "तुझ्या बापाचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो."

"दुखणारच. वाकायची सवय नाही त्याला."

निकालात भिंगरीचा उमेदवार सपशेल आपटला. ती दिवसभर फणफणत होती. रविवारी दुपारी तिने चपला घातल्या.

"कुठे?" बापाने विचारलं.

"आत्याकडे."

तो जा म्हणाला नाही, नको जाऊस असंही म्हणाला नाही. तेवढ्यावर ती जिना उतरली.