सातपाटीच्या होडीवरचा माझा अभिप्राय

पासष्टच्या लढाईत मी सैन्याच्या कायदा शाखेत कॅप्टन होतो. कराचीकडची एक मासेमारी होडी तीन माणसांसह सातपाटीच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा चौकशीसाठी मला धाडलं ते मी पालघरचा म्हणून. त्या तिघांबद्दल मी दिलेला लेखी अभिप्राय खोटा होता. तो अजून खरा मानला जातो, म्हणून हे लिहितो आहे.

नियम मला पाठ होता. किनाऱ्यालगत निव्वळ मासेमारी करणारी होडी युद्धातही जप्त करायची नाही. अट एकच, तिनं लढाईच्या कामात भाग घेतलेला नसावा. ही होडी शीड फाटून आठ-दहा दिवस वाहत आली होती. तिच्यात जाळी होती, सडलेली मासळी होती आणि पत्र्याच्या बंद डब्यावर घट्ट बांधलेला एक कंदील.

किनाऱ्यावर दिवे न लावण्याचा हुकूम होता. पलीकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं. डब्यावर कंदील कशाला, मला कळेना. मी पोलीस चौकीतून माझ्या वरिष्ठांना, मेजरसाहेबांना, फोन लावला.

"सर, इशारा देण्याचं साधन सापडलंय."

"नक्की?"

"नक्की, सर. मी इथलाच आहे."

परत होडीपाशी आलो तर एक मासळीवाली पाटी बाजूला ठेवून तो डबा निरखत होती. आमच्या आळीत ती वर्षानुवर्षं मासळी घेऊन यायची.

"याचं काय लिवलंस रे?"

"मावशी, हे सरकारी काम आहे."

"सरकारी! अरे, जाल्याच्या टोकाला सोडतात ह्यो. रातचं जालं कुठवर गेलं ते दिसाया नको? आमच्या घरात दोन हायत. चल, दाखवते."

भोवतीचे कोळी हसले. एकजण म्हणाला, "सायबाला मासा ताटातच ठावा."

"ताटात तरी कुठं! याची आई कोलंबी पन माझ्याकडून सोलून घ्यायची." मग तिचा आवाज बदलला. "माझं नाव लिव. मी सांगते तसं लिव. ही मानसं आमच्यासारकी हायत, दुसरी नाय."

मी तिचा जबाब घेतला नाही. घेतला असता तर पुन्हा फोन करून चूक कबूल करावी लागली असती. समुद्रापासून पाच-सहा मैलांवर वाढलेल्या मला जाळ्याचा कंदील माहीत नाही, हे मेजरसाहेबांना सांगायची लाज वाटली. दुपारीच चौकीत बसून मी अभिप्राय लिहिला आणि सही केली.

होडी जप्त झाली, तिघांवर हेरगिरीचा संशय ठेवला गेला. लढाई संपली, दोन्हीकडचे युद्धकैदी घरी गेले. हे तिघे सैनिक नव्हते म्हणून त्या यादीत बसले नाहीत, आणि माझ्या कागदामुळे मच्छीमारही उरले नाहीत. दोघे फार उशिरा सुटले. वयानं मोठा होता तो तुरुंगातच वारला. त्याच्या मृत्यूचा कागद लढाईनंतर दोनेक वर्षांनी माझ्याच टेबलावर आला होता. मी 'पाहिले' असा शेरा मारून तो पुढं पाठवला.

निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्यानं कौतुकानं सांगितलं, तो अभिप्राय नव्या कायदा अधिकाऱ्यांना नमुना म्हणून शिकवतात. सापडलेल्या वस्तूवरून हेतू कसा ताडावा, याचा नमुना! तेव्हाही मी गप्प बसलो. गोपनीयतेची शपथ आठवली, पेन्शन आठवलं.

या वर्षी मात्र प्रतिज्ञापत्र करून दिल्लीला संरक्षण खात्याकडे पाठवलं. मासळीवाली आज हयात नाही. तिचं बोलणं आठवलं तसं, तिच्याच बोलीत जोडलं. मागण्या दोन केल्या. अभिप्राय शिकवायचाच असेल तर चूक म्हणून शिकवा. आणि वारलेल्या माणसाच्या घरच्यांना सरकारी कागदावर कळवा, की तो मासेच धरत होता.

तीन महिने झाले, पोच आली, उत्तर नाही. मुलगा म्हणतो, आता या वयात कशाला? मी सोमवारचं दिल्लीचं तिकीट काढलं आहे. उत्तर देणाऱ्या माणसासमोर मला स्वतः बसायचं आहे.