बापाचं वीजकेंद्र पाडताना

योर्दानिसला पहिली धड नोकरी लागली ती तिशी उलटल्यावर, आणि तीही ज्या वीजकेंद्रात बापाची हयात गेली तेच कापून काढायची.

वीजकेंद्रात चिकटायचं म्हणूनच तो वेल्डिंग शिकला होता. शिकून बाहेर पडतो तो भरती बंद. मग नगरपालिकेची आठ-आठ महिन्यांची कामं. कधी गवत काप, कधी शाळेचं कुंपण रंगव. मुदत संपली की घरी. आई पार्थेना त्याच्या जॅकेटच्या खिशात कॉफीपुरते पैसे गुपचूप टाकायची, आणि तोही खिसा चाचपताना तिच्याकडे बघायचा नाही. घर चालायचं बाप लाझारोसच्या पेन्शनवर. प्तोलेमाइदाच्या त्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात घरोघर हीच तऱ्हा होती. म्हातारे पेन्शनीत, पोरं पलंगावर, उरलेली जर्मनीत.

कोळशावरची वीज बंद करायचं वर सरकारात ठरलं. वीजकेंद्र थंडावलं आणि ते मोडीत काढणाऱ्या ठेकेदाराला गॅस कटरवाले हवे झाले.

लाझारोसनं हे ऐकलं तेव्हा तो जेवत होता. "दुसरं काही मिळालं नाही तुला?"

"तुम्हीच सांगा बाबा, दुसरं काय आहे इथं?"

बापानं पाव मोडला आणि नुसताच हातात धरून बसला. त्यानंतर घरात त्यानं योर्दानिसशी बोलणं टाकलं.

कॉफीच्या दुकानात मात्र त्याचे जुने सोबती टपलेले होते. "काय लाझारोस, तू जन्मभर बॉयलर जपलास, पोरगा भंगारात विकतोय म्हणे!"

"तुझं पोरगं पलंग झिजवतंय, त्यापेक्षा बरं," लाझारोस ताडकन म्हणाला आणि कॉफी अर्धी टाकून उठला. योर्दानिसला हे आईकडून कळलं.

कामावर त्याचा हात सगळ्यांत चलाख. शेजारी काप घेणारा नेक्तारियोस वैतागायचा. "अरे जरा दमानं घे! सगळं आजच कापलंस तर उद्या काय खायचं, माती?" योर्दानिसनं हात आवरून पाहिला. पण ज्योत एका जागी रेंगाळली की लोखंड वितळून पुन्हा चिकटतं, काप बिघडतो. वाईट काम त्याच्याच्यानं होईना, आणि चांगलं काम करावं तर नोकरी रोज थोडी संपत होती.

रविवारी स्टुटगार्टहून साव्वासचा फोन यायचा. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. "ये की लेका! इथं वेल्डरला पायघड्या घालतात."

"बघतो रे."

"किती वर्षं बघतोयस! डोळे फुटतील एक दिवस."

वसंतात केंद्राची उंच चिमणी सुरुंगानं पाडली. बघायला अख्खं गाव लोटलं. लाझारोस इस्त्रीचा शर्ट घालून आला, मयताला यावं तसा. धूळ बसली तेव्हा पोराच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काम कधी संपतंय?"

"या पंधरवड्यात. ठेकेदार दक्षिणेत चल म्हणतोय. तिथंही एक केंद्र पाडायचंय."

"मग जा. माझं पेन्शन काय जन्माला पुरणार आहे तुला?"

कित्येक महिन्यांनी बाप बोलला होता. योर्दानिसनं हो म्हटलं.

आईनं वाटेत खायला चीज भरलेल्या रोट्या भाजल्या, बॅग भरली. सकाळी चौकात ठेकेदाराची गाडी आली. नेक्तारियोसनं आतून हात पुढे केला. "चल, दे बॅग."

"बाबांना बरं नाही," योर्दानिस म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

लाझारोस त्या घडीला अंगणात द्राक्षाचा वेल छाटत होता, ठणठणीत. इतकी वर्षं योर्दानिस सगळ्यांना सांगत आला होता, नोकरी नाही म्हणून अडकलोय. आता नोकरी दार उघडून उभी होती आणि पाय उचलत नव्हता. गाडी वळून दिसेनाशी झाली तसं त्याला आधी हायसं वाटलं, मग स्वतःची शिसारी आली.

दुपारी तो घरी परतला. आईनं बॅगेकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

"काय झालं?" बापानं विचारलं.

"गाडीत जागा नव्हती."

लाझारोस त्याच्याकडे बघत राहिला. "पुढच्या वेळी लवकर जा," एवढंच म्हणाला आणि कात्री घेऊन बाहेर गेला.

शरदात नगरपालिकेनं पुन्हा आठ महिन्यांसाठी घेतलं. आता तो स्मशानाच्या वाटेवरचं गवत कापतो. रविवारी साव्वासचा फोन अजून येतो. योर्दानिस तो वाजू देतो.