समोरच्या दुकानाकडे तोंड केलेला पाइप

माझ्या बूथमधून निघणाऱ्या गाडीची उजवी बाजू आरशासारखी आणि डावी खरखरीत. वर्षभर हेच. उजव्या दारावरून हात घसरायचा, डाव्या दारावर बारीक दाणे लागायचे, रवा सांडल्यासारखे. रंग तोच, मारणारा हात माझाच.

आणि रस्त्यापलीकडे त्याच्या गाड्या चारही बाजूंनी सारख्या निघायच्या.

तो म्हणजे माझा जुना भागीदार. रेवसच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, एका कॉम्प्रेसरवर आणि एका स्प्रे गनवर आम्ही दोघांनी गाड्या रंगवायला सुरुवात केली. पुढे तो वेगळा झाला, बरोबर समोर दुकान टाकलं आणि जाताना ती गन घेऊन गेला. मुंबईच्या दुकानदाराशी दोन तास भांडून ती गन मी मिळवली होती. भागीदारी मोडल्याचं मला फारसं वाटलं नाही, गन गेल्याचं वाटलं. त्याने बूथ बसवला, तेव्हा मी त्याच्या बूथपेक्षा दोन हात जास्त लांबीचा बूथ बसवला.

बूथ म्हणजे बंद खोलीच. छतातल्या फिल्टरमधून स्वच्छ हवा उतरते, गाडीच्या दोन्ही अंगांनी जमिनीतल्या जाळ्यांत शिरते आणि दोन पंखे ती दोन पाइपांतून बाहेर फेकतात. उडालेला रंग तिच्याबरोबर निघून जातो. एका बाजूची हवा मंदावली की तिथला उडालेला रंग अर्धवट सुकून परत दारावर बसतो. हे मला कळत होतं. का मंदावते, ते कळत नव्हतं.

मी छतातले सगळे फिल्टर बदलले. डाव्या पंख्याचा पट्टा बदलला. जाळीखालचा खड्डा स्वतः उतरून खरवडला. बूथ विकणाऱ्याला फोनवर इतक्या शिव्या घातल्या की त्याने माझा नंबरच बंद केला. दुपारी समोरच्या टपरीवर चहाला बसायचो, ते चहासाठी नव्हे. त्याच्या अंगणातल्या गाडीच्या दारात टपरीची पाटी उमटायची, अक्षरं उलटी पण रेषा एकदम सरळ. माझ्या डाव्या दारात तीच अक्षरं भिजल्यासारखी दिसायची. चहा कडू लागायचा.

मग ती काळी गाडी आली. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याची. त्याच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायच्या. काळ्या रंगात काही लपत नाही. डावं दार मी दोनदा रंगवलं, दोनदा घासून काढलं. तो दारावर नख फिरवून म्हणाला, "शेट, शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर समोर नेतो. सगळ्याच नेतो."

समोर! त्या दिवशी घरी मी ताट सरकवून उठलो. माझी बायको कोळीवाड्यातली, वाऱ्यावर बोंबील सुकवत वाढलेली. ती म्हणाली, "रोज सकाळी मशिनीला अगरबत्ती लावता. धूर कुठं जातो ते बघितलं कधी?"

दुसऱ्या दिवशी रंगाचे, थिनरचे डबे बाहेर काढून, रिकाम्या बूथमध्ये पंखे सुरू केले आणि दोघं अगरबत्त्या घेऊन आत गेलो. दोन्हीकडे धूर सरळ खाली. मी वैतागलो. ती म्हणाली, "दुपारी परत बघू."

दुपारी उजवीकडे धूर तसाच खाली गेला. डावीकडे तो गुडघ्याएवढ्या उंचीवर थबकला, घुटमळला आणि आडवा होऊन उजवीकडे निघाला.

"पंखा गेलाय," मी म्हणालो.

"सकाळी चालतो, दुपारी न्हाय. पंख्याला काय जेवून झोप येते?" ती हसली. "सकाळी वारा जमिनीवरून. दुपारी समुद्रावरून. तुमच्या पाइपाचं तोंड कुठं हाय?"

वर चढून बघायची गरज नव्हती. उजवा पाइप छतातून सरळ वर गेला होता. डावाही तसाच जायचा होता, पण बसवताना मी त्याला दोन वळणं द्यायला लावली आणि तोंड पश्चिमेला, बरोबर त्याच्या दुकानाकडे केलं. माझ्या थिनरचा वास त्याच्या नाकात जावा म्हणून. सकाळ घासण्या-पुट्टीत जायची, रंग मी दुपारीच मारायचो, आणि दुपारचा वारा थेट त्या तोंडात शिरत होता.

त्याने मागच्या वर्षी एकदा सांगितलंही होतं, "तोंड वर कर रे त्याचं." मी भर रस्त्यात त्याचा बाप काढला होता.

"सगळ्या गाड्या सकाळीच रंगवतो," मी बायकोला म्हणालो. तिने हातातली अगरबत्ती वर पाइपाकडे रोखली.

पाइप वळवायचाच, तर फुकट कशाला? मी रस्ता ओलांडला. "तुझ्यासाठी पाइप वर करतो," मी त्याला म्हणालो. "पण आपली गन परत दे."

मी दोन तासांच्या तयारीने गेलो होतो. तो आत गेला आणि गन घेऊन आला. "घे. कधीही मागितली असतीस तरी दिली असती."

घरी येऊन मी गन उघडली, काहीतरी खोट काढायला. सुई नवी होती. वॉशर नवे. इतकी वर्षं तो तिला तेल देत होता.

शुक्रवारी फॅब्रिकेशनवाल्याने पाइप सरळ वर केला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून टोकाला बाहेरून कडं दिलं. दुपारी भर वाऱ्यात अगरबत्ती लावली. दोन्हीकडचा धूर शिस्तीत खाली गेला. त्याच जुन्या गनने मी डावं दार रंगवलं.

शनिवारी रिसॉर्टवाला यायच्या आधी समोरचाच आला, न बोलावता. डाव्या दारावर हाताची पालथी बाजू फिरवली. मग वर छताकडे बघितलं.

"दुपारी वारा अडत होता ना?"

मी फडकं घेऊन पुसलेलंच दार परत पुसायला लागलो.

"मागच्या वर्षी तेच सांगत होतो. तुला वाटलं, वासाचं बोलतोय." तो रस्त्याकडे वळला. "दार झकास झालंय."

रिसॉर्टवाला गाडी घेऊन गेला, पुढच्या दोन पाठवतो म्हणाला. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या एकाच गोष्टीवर धुमसत होतो, की माझ्या बूथचा दोष त्याने रस्त्यापलीकडून ओळखला होता. गन आता माझ्याकडे आहे. दर रविवारी मी तिला तेल देतो, त्याच्यापेक्षा जास्त.