हात न लावलेल्या माश्या

संस्थेत तिला सगळे माशीमावशी म्हणत. नव्या माणसाला आधी तो टोमणा वाटायचा. पण ती स्वतःच फोन उचलून "माशीमावशी बोलतेय" म्हणायची, तेव्हा त्याचाही इलाज खुंटायचा. बावीस वर्षं तिनं एका खोलीत फळमाश्या सांभाळल्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ना, तिळाएवढ्या, त्याच. त्यांचं खाणं शिजवायचं, म्हणजे मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट. ते बाटल्यांत ओतायचं, कापसाचे बोळे वळायचे, आणि दर चौदा दिवसांनी जुन्या बाटलीतल्या माश्या नव्या बाटलीत घालायच्या. चौदा दिवसांत माशीची एक पिढी होते. असं करत मावशीच्या हाताखालून पावणेसहाशे पिढ्या गेल्या होत्या. माणसाच्या तेवढ्याच पिढ्या मागं गेलं, तर माणूस अजून शेती शिकायचा होता, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना सांगत, आणि मावशी मागं उभी राहून हे आपलंच कौतुक असल्यासारखी ऐके.

खोलीत दोन फळ्या होत्या. डावीकडे 'चपळ'. या माश्यांना दर पिढीत उंच नळीत सोडायचं, आणि आधी वर चढतील त्यांचीच पुढची पिढी धरायची. उजवीकडे 'साध्या'. त्यांच्यात कोणी काही निवडायचं नाही. त्या होत्या तशाच राहाव्यात, म्हणजे चपळ किती बदलल्या ते त्यांच्याशी ताडून पाहता येईल. त्या फळीवर मॅडमनी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'साध्या. निवड नाही.' घोटाळा नको म्हणून चपळांसाठी तपकिरी डोळ्यांचा वाण घेतला होता, साध्यांसाठी लालभडक डोळ्यांचा.

त्या सोमवारी मावशी खाणं ढवळत असताना चष्मेवाला आत आला. हा मॅडमच्या हाताखाली चार वर्षं संशोधन करत होता आणि दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता. साध्यांचं वजन, आयुर्मान सगळं मोजलं जाई, पण त्या किती भराभर चढतात ते कित्येक वर्षांत कोणी त्यांना नळीत सोडून पाहिलं नव्हतं. त्यानं आदल्या आठवड्यात सोडल्या. त्या जवळजवळ चपळांइतक्याच भराभर वर गेल्या.

"मावशी, बाटल्या मिसळल्यात," तो म्हणाला. मॅडम दारात उभ्या होत्या.

"कुणी मिसळल्या?"

"खोलीची चावी तुमच्याकडेच असते ना?"

मावशीच्या हातातला चमचा तसाच राहिला. खाली पीठ लागलं, करपल्याचा वास सुटला, तरी तिला कळलं नाही. बावीस वर्षांत तिच्या हातून एक बाटली फुटली नव्हती, आणि हा कालचा पोर उभ्या उभ्या निकाल देऊन मोकळा झाला. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. निवृत्तीला सात आठवडे राहिले होते.

मॅडम आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि तेच जास्त बोचायचं. "मिसळल्या असतील तर सगळ्या साध्या टाकून द्याव्या लागतील. आणि कशामुळे, ते अहवालात लिहावं लागेल."

"लिहा की. कर नाही त्याला डर कशाला?" मावशी बोलून गेली. आणि चावी तिनं स्वतःच काढून टेबलावर ठेवली.

मिसळल्या की नाही हे शोधायची एक वाट होती. तपकिरी डोळा लबाड असतो. तपकिरी आणि लाल यांच्या पोटी येणारी पिल्लं लालच दिसतात. तपकिरी त्यांच्या अंगात दडून बसतो आणि नातवंडांत बाहेर पडतो. तेव्हा साध्यांच्या जोड्या वेगळ्या ठेवायच्या, दोन पिढ्या वाढवायच्या आणि एकेका माशीचा डोळा तपासायचा. चार आठवडे. तोवर मावशीनं त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

तिला मागच्या खोलीत आबांच्या मदतीला धाडलं. आबा राखीव साठा सांभाळत. पहिल्याच वर्षी साध्यांच्या बाटल्या दोन खोल्यांत वाटल्या होत्या, इथं काही रोगराई आली तर तिथं उरावं म्हणून. मूळ एकच, खाणं एकच, दिवससुद्धा तेच. आबांना मावशीनंच गोगलगाय नाव ठेवलं होतं. तिच्या चाळीस बाटल्या दीड तासात व्हायच्या, त्यांच्या दहा बाटल्यांना आख्खी सकाळ लागायची.

पहिले दोन आठवडे ती धुसफुसत बोळे वळत राहिली. कोणी दारावरून गेलं की तिला वाटे, आपल्याबद्दलच कुजबुजताहेत. घरी मुलीचा फोन आला की ती हवापाण्याचं बोलून ठेवून देई. तिसऱ्या आठवड्यात बाटल्या बदलायचा दिवस आला.

पद्धत दोघांची एकच. जुन्या बाटलीवर नवी बाटली पालथी ठेवायची, तोंडाला तोंड लावून, आणि बूड टेबलावर आपटायचं. माश्यांची खोडच वर चढायची. त्या नव्या बाटलीत जातात. मग बाटल्या वेगळ्या करून बोळा लावायचा. खाली राहतील त्या साबणाच्या पाण्यात. मावशी आपटायची, दहा अंक मोजायची आणि बोळा लावायची. आबांनी आपटलं आणि ते खुर्चीत टेकून बसले. दहा झाले, पन्नास झाले. बऱ्याचशा माश्या अजून खालीच रेंगाळत होत्या.

"आबा, राहिलेल्या राहू द्या की. बाकीच्या गेल्या ना वर?"

"राहू द्या कसं? त्याही आपल्याच." आबांनी बाटली अंगठ्यानं हलकेच टिचकावली. "घाई तुला असेल बाई, त्यांना नाही."

ती हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. तिनं आबांच्या हातून पुढची बाटली घेतली. आपटली, दहा मोजले, बोळा लावला आणि खाली राहिलेल्या मोजल्या. दोनशेतल्या सत्तर. तिच्या स्वतःच्या बाटलीत हल्ली पाच-सहा राहायच्या. सुरुवातीच्या वर्षांत तिच्याही साठ-सत्तर राहत. त्या साबणात ओतताना तिला तेव्हा वाईट वाटायचं. मग दरवर्षी कमी कमी होत गेल्या, आणि ती अभिमानानं सांगायची, की आता माझा हात बसलाय.

हात कसला बसतोय. तिचा हात होता तिथंच होता. बदलल्या होत्या माश्या. एकही माशी काही शिकून चपळ झाली नव्हती. दहाच्या आत वर पोचायच्या त्यांचीच पिल्लं पुढच्या बाटलीत जन्मली, आईबापांचं रक्त घेऊन. मंद होत्या त्यांचा वंश दर चौदा दिवसांनी साबणाच्या पाण्यात गेला. डाव्या फळीवर मॅडम मुद्दाम जे करत होत्या, तेच उजव्या फळीवर ती न ठरवता करत आली होती.

चौथ्या आठवड्याच्या शुक्रवारी निकाल लागला. चष्मेवाल्यानं तीन हजार माश्या तपासल्या होत्या, डोळे सुजेपर्यंत. एकही तपकिरी नव्हती. पोरगा सरळ होता, तिच्यासमोर येऊन म्हणाला, "मावशी, चुकलो मी. माफ करा." मॅडमनी चावी परत दिली. "थोड्या माश्यांच्या वंशात कधीकधी नुसत्या योगायोगानंही बदल होत जातो. तसंच लिहू. तुमच्यावर काही येत नाही."

म्हणजे सुटली. आता तोंड मिटून बसलं की झालं. तीन आठवड्यांनी सन्मानानं घरी. आणि बोललं तर बावीस वर्षांत त्या फळीशी ताडून जे जे लिहिलं गेलं ते सगळं पुन्हा तपासावं लागणार, पोराचा प्रबंध लांबणार, आणि खापर फुटणार एकाच माणसाच्या डोक्यावर.

संध्याकाळी तिनं मुलीला फोन करून सगळं सांगितलं.

"आई, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" मुलगी म्हणाली. "कोण विचारतंय तुला?" मग म्हणाली, "पण तुला घाई कसली असायची गं तिथं?"

शाळा दोनला सुटायची. मुलीचा बाप तिच्या जन्माआधीच निघून गेला होता, आणायला दुसरं कोणी नव्हतं. एक वाजून गेला की मावशी बाटल्यांतून एकेक मिनिट वाचवायची.

"दोनला तू फाटकाशी उभी असायचीस," मावशी म्हणाली.

"तू एकदाही उशिरा आली नाहीस," मुलगी म्हणाली. "बाकीच्या पोरी रडायच्या. मी कधीच रडले नाही."

मुलीची शाळा संपल्यालाही आता बारा वर्षं झाली होती. हात मात्र अजून दहाच मोजत होता.

सोमवारी मावशीनं मॅडम आणि चष्मेवाल्याला खोलीत बोलावलं, आबांची एक बाटली आणि आपली एक बाटली टेबलावर मांडली, आणि दोन्ही आपटून मोठ्यानं दहा मोजले. आबांच्या बाटलीचं बूड माश्यांनी काळं दिसत होतं. तिच्या बाटलीत खाली चार माश्या होत्या.

"योगायोग नाही," ती म्हणाली. "मी केलंय. शाळा सुटायची वेळ गाठायला."

चष्मेवाला मटकन स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरला, आणि तिला त्याची खरंच दया आली. मॅडमनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. त्यांनी ना शाबासकी दिली, ना ठपका ठेवला. "निवड करायची नाही असं लिहिलं मी," त्या म्हणाल्या, "आणि बाटली कशी बदलता ते बावीस वर्षांत एकदाही येऊन पाहिलं नाही."

मग त्यांनी ठरवलं. यापुढे साध्या म्हणजे आबांच्या. त्यांच्याशी ताडून सगळं नव्यानं मोजायचं, प्रबंध सहा महिने पुढं. मावशीच्या माश्या टाकायच्या नाहीत. त्यांचा वंश वेगळा म्हणून ठेवायचा. मॅडमनी फळीवरची पिवळी पडलेली चिठ्ठी स्वतः काढली, कोरा कागद मावशीपुढं सरकवला आणि म्हणाल्या, "नाव तुम्ही द्या."

मावशीनं पेन घेतलं. आधी 'मावशीच्या' लिहायला गेली, पण 'मा' काढून थांबली, तो खोडला, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: 'दोन वाजताच्या'.